उजेड कोणाच्या हातात? नगर जिल्ह्यातली रात्र आणि लघुपटाचा कॅमेरा

रात्रीचं दृश्य करायचं ठरलं की नवे लघुपटकार पहिल्यांदा कॅमेऱ्याची चौकशी करतात. अंधारात कोणता चालेल, आयएसओ किती ठेवायचा, दिव्यांचं भाडं किती पडेल. हे प्रश्न खरे आहेत, पण त्यांचा नंबर नंतरचा. आधी ठरायला हवं की हा माणूस या वेळी जागा का आहे आणि त्याच्यापाशी उजेड कुठून आला. ही दोन उत्तरं पक्की झाली की दिवा कुठे ठेवायचा, चेहरा किती दिसू द्यायचा, दृश्य किती वेळ चालवायचं याचा बराचसा निकाल लागतो. ती पक्की नसली तर भारीतला कॅमेरा आणूनही पडद्यावर निळसर रंगवलेला अंधार उरतो.

अहिल्यानगर जिल्हा, बहुतेकांच्या तोंडी अजून नगरच, या अंगाने पाहण्यासारखा आहे. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाईचं १६४६ मीटरचं शिखर आणि धो धो पाऊस, पूर्वेला पाथर्डीकडे टँकरची वाट पाहणारी गावं, मध्ये प्रवरा-मुळेच्या कालव्यांवरचा ऊस. एकाच जिल्ह्यात तीन-चार जातींच्या रात्री सापडतात. शिवाय इथे सिनेमा शिकण्याची एक वाटही पडलेली आहे. नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापनाचा अभ्यास करताना नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकीय पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. हाताशी असलेल्या माणसांतून आणि गावांतून चित्रपट उभा राहतो, हे इथल्या पोरांना कोणी पुस्तकातून सांगण्याची गरज राहिलेली नाही.

सुरुवात शेतापासून करतो, कारण इथली सर्वांत मोठी आणि पडद्यावर सर्वांत कमी आलेली रात्र तीच आहे. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की माणूस जेवून, कानाला मफलर गुंडाळून, पायात गमबूट चढवून, बॅटरी घेऊन निघतो. स्टार्टरचं बटण दाबलं की मोटार घुमते आणि पाटाला पाणी येईपर्यंत थोडा वेळ जातो. मग दारं धरायची. एक सरी भरली की फावड्याने माती ओढून तिचं तोंड बंद करायचं, पुढचीचं उघडायचं, आणि हे पहाटेपर्यंत. डिसेंबरात हे काम करणाऱ्याच्या पायाखाली बर्फासारखं पाणी असतं, शेजारच्या उसात काय आहे याचा भरवसा नसतो, आणि तो एकटा असतो.

या कामात दृश्याला लागणारं सगळं आहे. दोन्ही हात फावड्यावर असल्याने बॅटरी काखेत किंवा मानेच्या खाचेत धरलेली असते. तिचा झोत खाली पाण्यावर पडतो आणि पाणी तो उजेड हलवत, मोडत चेहऱ्यावर परत टाकतं. जवळच्या शॉटला याखेरीज दुसरा दिवा लावू नये. लांबच्या शॉटला मात्र हा उजेड पुरत नाही, माणूस काळोखात विरघळतो. तिथे पात्राच्या मागे, बांधापलीकडे, मोटारसायकलचा हेडलाइट कॅमेऱ्याच्या रोखाने पण किंचित तिरका ठेवावा. दव आणि धुरकट हवा असली की त्या झोतात माणसाची कडा उठून दिसते. चेहरा काळा राहिला तर राहू द्यावा. फावड्याची लय, वाकलेली पाठ आणि डोक्यावरची टोपी यांवरून प्रेक्षक माणूस ओळखतो.

प्रसंगाचा कणाही इथेच मिळतो. मोटारीचा आवाज सुरुवातीपासून चालू असतो, प्रेक्षकाला त्याची सवय होते, आणि मध्येच वीज जाते. आवाज थांबतो, पाटाचं पाणी हळूहळू ओसरतं, आणि तोवर न ऐकू आलेलं सगळं ऐकू येऊ लागतं. उसाची पानं, लांबचं कुत्रं, स्वतःचा श्वास. दोन मिनिटांच्या दृश्यात एवढी एकच घटना पुरते. छोट्या दृश्यात दोन-तीन घटना कोंबणं ही नव्या पटकथांत वारंवार दिसणारी चूक आहे. रात्री तर ती जास्तच जाचते, कारण अंधारात प्रेक्षकाचे डोळे सावकाश वाचतात.

ही रात्र फार काळ अशीच राहील असंही नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या प्रायोगिक गावांपैकी एक होतं पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी. दिवसा पाणी देता येणं ही शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठी सुटका आहे आणि ती सर्वांना लवकर मिळावी. पण दारं धरणाऱ्या त्या दोन-तीन पिढ्यांच्या रात्रींचं चित्रण आपल्याकडे जवळपास नाही. हे काम आत्ताच हाती घ्यायला हवं, आणि ते नगर, नाशिक, सोलापूरच्या मुलांनीच घ्यायला हवं.

उसाची रात्र वेगळी, कारण तिच्यात माणसांची गर्दी आहे. प्रवरानगरला १९५०च्या सुमारास राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि तेव्हापासून दिवाळीनंतर या भागातले रस्ते रात्रभर जागे असतात. टायरगाड्या, ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या, काट्यावरच्या रांगा, गाडीखाली गोधडी घेऊन झोपलेली माणसं, पाचटाच्या शेकोट्या. कारखान्याच्या आवारात उंचावरचे पांढरे दिवे आणि वर चढणारी वाफ असते. हे सगळं फुकटचं नेपथ्य असलं तरी तिथल्या माणसांची झोप आणि खोळंबा फुकटचा नाही. त्यांना विचारून, त्यांच्या कामाच्या आड न येता शूटिंग करावं.

पण माझ्या मते उसातलं खरं दृश्य रस्त्यावर नाही, कोपीत, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत आहे. पहाटे तीन-साडेतीनला तोडणी कामगारांच्या तळावर पहिली जागी होते ती बाई. भाकरी थापून, बांधून, मुलांचं आवरून तिला नवऱ्याबरोबर फडात जायचं असतं. चुलीत पहिलं चिपाड पेटतं तेव्हा कोपीतला एकमेव उजेड तिच्या हाताच्या उंचीवर असतो. कॅमेराही तिथेच, जमिनीलगत ठेवावा. उभ्याने वरून घेतलेला शॉट तिचा पाहुण्याने पाहिलेला चेहरा दाखवतो. एक्स्पोजर ज्वाळेला नव्हे, गालाला लावावं. ज्वाळा पांढरी फटक झाली तरी चालते, आपल्या डोळ्यांनाही ती तशीच दिसते. चुलीचा उजेड अपुरा पडला आणि दिवा जोडावाच लागला तर एकाऐवजी दोन मंद पिवळे बल्ब हातभर अंतराने, जमिनीजवळ लावावेत आणि त्यांच्यापुढे फडक्याचा तुकडा हलवत राहावा. आग नुसती कमी-जास्त होत नसते. तिचं टोक सरकतं, म्हणून सावल्या डाव्या-उजव्या डुलतात. बटण चालू-बंद करून केलेली आग लगेच उघडी पडते.

जत्रेचा, लग्नाच्या वरातीचा उजेड तिसऱ्या प्रकारचा. तो कोणीतरी उचलून चालत असतो. ‘फँड्री’तल्या (२०१३) जत्रेत नायक जब्याच्या वाट्याला बत्ती धरणं येतं आणि तिच्या उजेडात नाचणारे दुसरेच असतात. मराठीत रात्रीच्या दृश्याचा याहून नेमका उपयोग मला दुसरा आठवत नाही. ज्या दिव्यामुळे आपल्याला ते दृश्य दिसतं, तोच दिवा पात्राच्या अंगावरचं ओझं आहे. गावात कोण नाचतं आणि कोणाला उजेड धरावा लागतो हे संवादाशिवाय कळतं. तंत्र आणि आशय वेगळे काढताच येत नाहीत. नव्या माणसाने रात्रीचं दृश्य लिहिताना यातून एवढं घ्यावं की फ्रेममधला प्रत्येक दिवा कोणाचा आहे, त्याचं बिल कोण भरतं, तो कोण उचलतं, हे स्वतःशी लिहून काढावं.

तमाशाचा फड ही त्याच घराण्यातली रात्र. संगमनेर हे कांताबाई सातारकरांचं गाव, आणि यात्रांच्या दिवसांत कनातीत पहाटेपर्यंत चालणारे खेळ या जिल्ह्याने भरपूर पाहिले आहेत. पडद्यावर मात्र रंगमंचाचाच भाग वारंवार येतो. कनातीच्या मागची बाजू, राहुटीतला एकच बल्ब, त्याखाली आरसा धरून चाललेली रंगरंगोटी, कापडातून आत झिरपणारा रंगमंचाचा लाल-हिरवा उजेड यांत छोट्या दृश्यासाठी जास्त माल आहे. कापडाची कनात हा स्वतःच एक मोठा मऊ दिवा होतो.

एक जागा अशी आहे जिथे शेतकऱ्यानेच लाइटिंग करून ठेवलेलं असतं. शेवंतीला दिवस लहान झाला की कळी धरायची सवय. ती लवकर धरू नये, रोप आधी वाढावं म्हणून काही फुलउत्पादक रात्री शेतात तारांवर दिवे लावतात. नगर तालुक्यात अकोळनेरसारखी शेवंतीची गावं आहेत. जिथे असे दिवे लागतात तिथे ओळीने लोंबणारे बल्ब, खाली हिरवी रोपं, आजूबाजूला गडद माळ, असं ठिकाण एखाद्या कलादिग्दर्शकाला लाखभर खर्चूनही सहज उभं करता येणार नाही. फक्त दिव्यांच्या वेळेत ढवळाढवळ करू नये. शॉटसाठी दिवे विझवा म्हणणं म्हणजे त्याच्या पिकाशी खेळ आहे.

आता करण्याच्या रीती. रात्र पडद्यावर आणण्याचे मुळात तीन मार्ग आहेत आणि तिन्हींचे कैवारी आजही आहेत.

पहिला, दिवसाच शूटिंग करून त्याची रात्र करायची. कृष्णधवल काळात लाल फिल्टर लावून निळं आभाळ काळं केलं जाई. रंगीत चित्रपटात एक्स्पोजर दोनेक स्टॉप उतरवून निळी झाक देण्याची पद्धत पडली. फ्रेंच लोक याला अमेरिकन रात्र म्हणतात आणि फ्रान्स्वा त्रुफो यांनी १९७३ साली त्याच नावाचा चित्रपट केला. ही रीत कालबाह्य झाली असं वाटत असतानाच ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ने (२०१५) वाळवंटातल्या रात्रीसाठी भर दिवसा उलट जास्त एक्स्पोजर देऊन शूटिंग केलं आणि नंतर ते उतरवलं. ‘नोप’मध्ये (२०२२) होयटे व्हान होयटेमा यांनी इन्फ्रारेड कॅमेरा आणि ६५ मिमी फिल्म एकत्र बांधून दिवसाचं विशाल चांदणं केलं. आपल्या मोजक्या साधनांत ही रीत एकाच ठिकाणी कामाची, पारनेरच्या पठारासारख्या उघड्या माळावर. तिथे मैलभर उजेड टाकणं कोणालाच शक्य नाही. सूर्य पात्रांच्या मागे ठेवावा, आभाळ फ्रेममध्ये घेऊ नये, पात्राच्या हातात पेटलेला दिवा देऊ नये, कारण दिवसा तो पेटलेला दिसतच नाही. मेंढ्यांचा कळप वाटेने चाललाय अशा शॉटला हे छान साधतं. गावात, घरात हे करू नये.

दुसरा मार्ग कातरवेळेचा. सूर्य मावळल्यावर आपल्या अक्षांशावर जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं आभाळात निळा उजेड असतो आणि घराघरांतले दिवेही दिसू लागतात. नेस्तोर आल्मेन्द्रोस यांनी ‘डेज ऑफ हेवन’चा (१९७८) मोठा भाग अशा वेळेत टिपला. मला लघुपटासाठी हा मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो. दृश्याचा सर्वांत रुंद शॉट, ज्यात डोंगराची रेघ, गाव, रस्ता दिसायला हवा, तेवढाच या वेळेत घ्यावा. तालीम दुपारीच उरकलेली असावी. मग पूर्ण अंधार पडला की जवळचे शॉट एक-दोन दिव्यांवर निवांत घ्यावेत. जोडल्यावर प्रेक्षकाला सगळी एकच रात्र वाटते. सगळंच दृश्य कातरवेळेत उरकायचा हव्यास धरला तर दोन शॉट चांगले येतात, बाकीचे वाया जातात.

तिसरा मार्ग खऱ्या रात्रीचा, आणि त्यात अलीकडे सर्वांत जास्त बदल झाला. स्टॅन्ली कुब्रिक यांनी ‘बॅरी लिंडन’मध्ये (१९७५) मेणबत्त्यांवर दृश्यं घेण्यासाठी नासाकरिता बनलेली झाइसची एफ ०.७ची भिंगं वापरली. त्यात फोकस इतका पातळ होता की नटांना पुढे-मागे हलण्याची मुभा जवळपास नव्हती. २०१४ साली आलेल्या सोनी ए७एससारख्या कॅमेऱ्यांनी ती संवेदनशीलता लग्नाच्या व्हिडिओवाल्यांपर्यंत आणली. ब्लॅकमॅजिकच्या पॉकेट ४केला ४०० आणि ३२०० असे दोन मूळ आयएसओ आहेत. असा कॅमेरा हाती असेल तर १०००पेक्षा १२५०वर डाग कमी येतात, हे चाचणी करून पाहावं. पण या संवेदनशीलतेने एक नवा रोग आणला. कॅमेरा सगळंच पाहू शकतो म्हणून सगळंच दाखवायचं. पौर्णिमेचं चांदणं जमिनीवर पाव लक्सच्या आसपास भरतं. मीटरभर अंतरावरची मेणबत्ती एक लक्स देते. अशा उजेडात आपल्याला जे दिसत नाही ते पडद्यावर लख्ख दिसलं तर ती रात्र राहत नाही. कॅमेऱ्याची ताकद अंधार पुसायला वापरू नये. छोटा दिवा खरोखर छोटा ठेवता यावा, म्हणून ती आहे.

मोबाइलवर शूटिंग करणाऱ्यांसाठी थोडक्यात. फोटोच्या नाइट मोडमध्ये अनेक चित्रं एकावर एक रचली जातात, व्हिडिओत ती करामत तशी चालत नाही. स्वयंचलित एक्स्पोजर आणि फोकस बंद करून कुलूप लावावं, नाहीतर बॅटरीचा झोत फिरला की सगळं चित्र श्वास घेऊ लागतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की ट्यूबलाइट, स्वस्त एलईडी यांची लुकलुक बहुतेक टळते. आणि पात्राला दिव्याजवळ आणावं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट घटतो, तेव्हा दोन पावलं पुढे येणं हे महागड्या भिंगापेक्षा स्वस्त पडतं.

प्रकाशयोजनेबद्दल एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. सावळ्या, काळ्या वर्णाच्या चेहऱ्यांवर रात्री समोरून दिवा ओतण्याची आपल्याकडची जुनी खोड अजून जात नाही. त्याने चेहरा राखट होतो, भिंत मात्र भगभगते. असा चेहरा उजळतो तो परावर्तनाने. बाजूला मोठा मऊ पृष्ठभाग ठेवावा, थर्माकोलचा पत्रा, ताणलेलं पांढरं धोतर, चुन्याची भिंत, आणि दिवा त्याच्यावर मारावा. घामाची, तेलाची चमक पुसू नये. गालाच्या हाडावर, कपाळावर त्या पृष्ठभागाची रेघ उमटली की चेहरा पूर्ण वाचता येतो आणि कातडीचा रंगही शाबूत राहतो. सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’मध्ये (१९५६) कापड ताणून त्यावरून उजेड परतवला, तो दिवसाच्या प्रसंगासाठी. तत्त्व रात्रीही तेच. मेंढपाळाची काळी घोंगडी, बाईचं गडद लुगडं अंधारात नाहीसं होतं, तेव्हा पार्श्वभूमीला फिकं काही असावं किंवा चुलीचा थोडा धूर. पाण्याने रस्ता भिजवून चमक आणायची मुंबईची पद्धत पाथर्डी-शेवगावात उन्हाळ्यात कोणी वापरू नये. जिथे टँकरपुढे घागरींची रांग लागते तिथे शॉटसाठी रस्त्यावर पाणी ओतणं हे लाजिरवाणं आहे. ओली चमक हवी असेल तर पावसाळ्यात शूटिंग करावं.

रात्रीच्या रंगाचाही पुनर्विचार व्हायला हवा. चांदणं म्हणजे सूर्याचाच परावर्तित उजेड, किंचित पिवळटच. मंद उजेडात आपल्या डोळ्यांची संवेदनशीलता निळ्या बाजूला सरकते, म्हणून ते निळसर भासतं. तेव्हा थोडी निळी झाक क्षम्य आहे, निळीत बुडवलेलं गाव नाही. शिवाय गावांच्या रात्रीचा रंग खरोखरच बदलला आहे. २०१५पासून देशभर रस्त्यांवर एलईडी दिवे बसवण्याचा मोठा कार्यक्रम चालला आणि सोडियमचा पिवळा उजेड जाऊन पांढरा आला. गोष्ट २००५ची असेल तर रस्ता पिवळा हवा, घरात तारेचा बल्ब हवा. आजची असेल तर चौक पांढरा, घर पांढरं, आणि पिवळा उरतो तो देवघरात आणि चुलीपाशी. पिवळा रंग कुठे शिल्लक आहे एवढ्यावरूनही घराबद्दल बरंच सांगता येतं.

बिबट्याशिवाय नगरच्या रात्रीचा आढावा पुरा होणार नाही. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या शेतवस्तीत स्वयंचलित कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दाट लोकवस्तीच्या त्या उसाच्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरला सरासरी ४.८ प्रौढ बिबटे असल्याचं त्यांना आढळलं. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेजच्या जंगलात सोडलं, तर तो शंभरावर किलोमीटर चालून मुंबईजवळच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोचला. त्याच्यावर सुजय डहाके यांनी ‘आजोबा’ (२०१४) केला, त्यात ऊर्मिला मातोंडकर होत्या. लघुपटवाल्याला खरा बिबट्या दाखवण्याची गरजही नाही आणि हक्कही नाही. शेळी बांधून आमिष दाखवणं, झोत टाकून पाठलाग करणं हे गुन्ह्याकडे जातं आणि त्याची किंमत दुसऱ्या रात्री गावकरी मोजतात. त्यापेक्षा त्या अभ्यासातल्या कॅमेऱ्याची नजर उसनी घ्यावी. खांबाला बांधलेला, न हलणारा, करड्या रंगाचा, कोपऱ्यात वेळ दाखवणारा शॉट. अंगणातल्या सीसीटीव्हीचंही तेच. रिकामं अंगण, साखळीला ताण देऊन उभं राहिलेलं कुत्रं, वीस सेकंद काहीच न होणं. भीती त्या वीस सेकंदांत असते आणि तिला एक रुपयाचाही दिवा लागत नाही.

आवाजाबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं. धनगर कुटुंबाच्या भटकंतीवरच्या भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ला ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत प्रत्यक्ष स्थळावरच्या ध्वनिमुद्रणासाठी गौरव मिळाला, याचं मोल रात्रीच्या दृश्यात विशेष कळतं. जे दिसत नाही ते ऐकवावं लागतं, आणि रात्रीचे आवाज गावागणिक वेगळे. ढवळपुरीच्या माळावर मेंढ्यांच्या वाड्याचा, कुत्र्यांचा. राहात्याकडे कारखान्याच्या भोंग्याचा. मनमाड-दौंड लोहमार्गालगत मालगाडीचा. सप्ताहाच्या दिवसांत दहापर्यंत कीर्तनाचा कर्णा, नंतर नुसते टाळ. प्रत्येक ठिकाणी शूटिंग संपल्यावर सगळ्यांनी गप्प उभं राहून दोन-तीन मिनिटं तिथली शांतता मुद्रित करावी. जनरेटर जवळ असेल तर हे जमत नाही, हे आणखी एक कारण बॅटरीवरच्या छोट्या दिव्यांच्या बाजूने.

काजव्यांचं चित्रण हा वेगळाच प्रश्न. मेच्या शेवटापासून पाऊस जोर धरेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडीकडे हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे लुकलुकतात आणि त्यांच्यामागे गाड्यांची रीघ लागते. माध्यमांत फिरणारी झगमगती छायाचित्रं बहुतेक वेळा लांबलचक एक्स्पोजरच्या अनेक फ्रेम एकावर एक चढवून केलेली असतात. डोळ्याला तसं कधीच दिसत नाही, आणि ते पाहून आलेला माणूस खरी लुकलुक पाहून निराश होतो, याचं मला वाईट वाटतं. व्हिडिओत खरी लय टिपता येते. एफ १.४चं भिंग, शटर १/२५, आयएसओ जितका सोसवेल तितका, तिपाई, आणि आसपास एकही दिवा नाही. काजव्यांची चमक ही नर-मादीची बोलणी आहेत, आपल्या बॅटरीने, हेडलाइटने ती तुटतात. म्हणून या दृश्यात पात्रावर उजेड टाकण्याचा विचारच सोडून द्यावा. पात्र झाडासमोर काळ्या आकृतीसारखं उभं राहील, तेवढं पुरे. यातला भंडारदऱ्याकडचा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, तेव्हा वनविभागाची परवानगी आणि वेळेचे नियम आधी समजून घ्यावेत.

गावात रात्री शूटिंग करण्याआधी ग्रामपंचायत आणि पोलीस पाटील यांना भेटणं हा सोपस्कार समजू नये. चोऱ्यांच्या, ड्रोनच्या अफवांनी धास्तावलेल्या गावात अनोळखी पोरं अंधारात दिवे हलवताना दिसली तर काय होऊ शकतं याची कल्पना करता येते. बऱ्याच गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे, एका फोनवर सगळ्या गावाला संदेश जातो. पोलीस पाटलांना सांगून त्याच यंत्रणेवरून आज शूटिंग आहे असं कळवून टाकावं. उघड्या विहिरींच्या कडेला दिवसा फिरून चुन्याच्या खुणा कराव्यात. उसाच्या कडेला कोणी एकट्याने बसू-वाकू नये. चमूतल्या मुलींच्या घरी परतण्याची सोय शेवटच्या शॉटच्या आधी ठरलेली असावी, शूटिंग लांबलं की तिथेच ठरवू असं नको. डिसेंबर-जानेवारीत बाहेर गार पडलेला कॅमेरा उबदार घरात परत नेताना भिंगावर दव धरतं. तो पिशवीत बंद करूनच आत न्यावा.

शूटिंग झाल्यावरचा एक टप्पा दुर्लक्षित राहतो. लघुपट आता बहुतेक मोबाइलवर पाहिला जातो, तोही दिवसाउजेडी, एसटीत बसून. इंटरनेटवर चढवताना चित्र दाबलं जातं आणि गडद भाग चौकोनी तुकड्यांत फुटतो, आभाळात पट्टे पडतात. थोडी दाणेदार पोत आपणहून मिसळली तर हे पट्टे कमी होतात. काळा रंग पार बुडवू नये. संगणकाच्या अंधाऱ्या खोलीत सुंदर दिसलेलं दृश्य दुपारी बारा वाजता साध्या फोनवर लावून पाहावं, आणि ज्यांनी ते केलं नाही अशा कोणाला तरी दाखवून काय दिसलं ते विचारावं.

इतिहासातल्या रात्रींकडे या जिल्ह्याच्या मुलांनी फारसं पाहिलेलं नाही. १५९५-९६च्या मुघल वेढ्यात नगरच्या किल्ल्याच्या तटाला सुरुंगाने खिंडार पडलं आणि चांदबिबीने ते रातोरात बुजवून घेतलं. मशाली, दगड हातोहात देणाऱ्या रांगा, पहाटेच्या आत काम संपवण्याची घाई. हे मोठ्या पैशाचं दृश्य आहे. पण त्याच किल्ल्यात १९४२ ते १९४५ मौलाना आझाद स्थानबद्ध होते आणि तिथल्या पहाटे, सगळे झोपलेले असताना, एकटे उठून स्वतःचा चहा करून ते पत्रं लिहीत. ती पत्रं तेव्हा धाडली गेली नाहीत, पुढे १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ या पुस्तकात आली. त्याच कैदेत असताना, १९४३ साली, त्यांच्या पत्नी वारल्या. एक माणूस, एक खोली, एक दिवा, चहाची वाफ, कागद. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तिथे परवानगी मिळाली नाही तर जुन्या नगरातल्या काळ्या दगडी भिंतीच्या एखाद्या वाड्यात ही खोली मिळेल. दिवा टेबलावरच ठेवावा, डोक्यापेक्षा खाली. खिडकीबाहेर कातरवेळेसारखाच पहाटेचा निळा उजेड हवा, तेव्हा शूटिंग पाचच्या सुमारास सुरू करावं. झुंजुमुंजू होईपर्यंत तीन शॉट होतात.